मागची कुपी

दर गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता निशिकांत जगदाळे कोपरापर्यंत हात धुऊन, पांढरा अंगरखा चढवून तिसऱ्या प्रयोगशाळेत जायचा आणि कोपऱ्यातल्या जुन्या उबपेटीतल्या पेशींना जेवू घालायचा.

हे त्याचं काम नव्हतं. शिरवळच्या त्या जैवऔषध कारखान्यात तो यंत्रदुरुस्तीवाला होता. पंप, झडपा, तापमापक हे त्याचं जग. पेशींचं जग त्याच्या बायकोचं, डॉ. वृंदाचं. काही मुलांच्या शरीरात जन्मतःच एक प्रथिन बनत नाही. त्यांचे स्नायू हळूहळू सैल पडतात, मान धरत नाही, पुढे श्वासही जड होतो. ते प्रथिन बनवून देणारा पेशीवंश वृंदानं बावीस वर्षांपूर्वी तयार केला होता. आज देशातली चारशे बारा माणसं दर पंधरा दिवसांनी त्याचं इंजेक्शन घेऊन चालत-फिरत होती. त्यातली पहिली, फलटणची प्रगती, आता शाळेत शिकवायची आणि दर संक्रांतीला वृंदाला तिळगूळ पाठवायची. यंदाचा तिळगूळ निशिकांतच्या नावानं आला होता. वृंदाला जाऊन चौदा महिने झाले होते.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तिनं एका कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद निशिकांतनं उबपेटीच्या दाराला आतून चिकटवला होता.

‘दर गुरुवारी अर्धा जुना द्रव काढ, तेवढाच नवा घाल. महिन्यातून एकदा नव्या चार कुप्या लाव. त्यासाठी पेशी घेताना नेहमी मागची घे. बाकीच्या टाक. गप्पा मारल्यास हरकत नाही.’

ही कुपी कारखान्याच्या कुठल्याच यादीत नव्हती. वृंदाचा तो खासगी नाद होता. कुणी मांजर पाळतं, तिनं पेशी पाळल्या होत्या. निशिकांतनं ‘सांभाळीन’ म्हणून शब्द दिला होता आणि एकही गुरुवार चुकवला नव्हता.

“चला, जेवून घ्या,” तो कुप्यांना म्हणाला. “आज दिवाळीनंतरचा पहिला दिवस. फराळ नाही, नेहमीचंच आहे.”

एवढ्यात दार उघडून डॉ. झरीन मुजावर आत आली. ती वृंदाची विद्यार्थिनी, आता पेशीविभागाची प्रमुख. तिचा चेहरा बघून निशिकांतनं हातातली नळी खाली ठेवली.

“काका, विरजण गेलं.”

विरजण हा शब्द वृंदाचाच. मूळ पेशी छोट्या कुप्यांत भरून उणे एकशे नव्वद अंशांवर, द्रवनत्राच्या, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या, टाकीत गोठवून ठेवलेल्या असायच्या. औषधाची प्रत्येक खेप करताना त्यातली एकच कुपी वितळवायची, तिच्यातल्या पेशी वाढवत वाढवत दोन हजार लिटरच्या जैवकुंडात न्यायच्या, औषध काढून घ्यायचं आणि पेशी टाकून द्यायच्या. पुढच्या खेपेला पुन्हा नवी कुपी. त्या मूळ कुप्यांना सरकारी कागदांवर लांबलचक नाव होतं. पण कारखान्यात झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे विरजणच म्हणत.

“गेलं म्हणजे?”

“टाकीची झडप गळत होती. चार दिवस सुट्टी. सगळं नत्र उडून गेलं. कुप्या कोमट झाल्यात, काका. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी.”

“पण नत्र कमी झालं की फोन जातो.”

झरीननं नजर खाली वळवली. मग निशिकांतला कळलं. धोक्याचा फोन वृंदाच्या नंबरावर जायचा. असे फोन कुणाला जायचे, ती यादी निशिकांतच्याच ताब्यात होती. वृंदाचं नाव खोडून दुसरं घालायला त्याला तीनदा सांगून झालं होतं. तिन्ही वेळा त्यानं यादी उघडली, ते नाव बघितलं आणि उद्या करू म्हणून मिटली. वृंदाचा फोन घरी कपाटात बंद पडून होता.

*

बैठकीला तिघंच होते. कारखान्याचे प्रमुख केळुसकर हिशेबाच्या नव्हे, रसायनांच्या वाटेनं वर आलेले, पण पेशींशी त्यांचा संबंध कमी. झरीन. आणि झडपेचा जबाब द्यायला निशिकांत. त्यानं बसता बसताच सांगून टाकलं, “फोनची यादी माझ्याकडं होती. चूक माझी.”

“ते नंतर बघू, निशिकांतराव,” केळुसकर म्हणाले. “मुजावर, दुसऱ्या गावी आपला राखीव साठा आहे ना? तो आणवा.”

“सकाळीच तिथं एक कुपी वितळवायला सांगितली होती, सर. पण त्या साठ्याची आधीची चाचणी बघितली मी. पेशी झकास वाढतात. सोळा तासांत दुप्पट.”

“मग झालं की!”

“औषध देत नाहीत.”

“वाढतात आणि देत नाहीत?”

“देत नाहीत म्हणूनच वाढतात.” झरीननं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. “सर, औषध बनवणं हे पेशीच्या दृष्टीनं परक्याचं काम. आपण तिच्या गुणसूत्रात एक जादा पान चिकटवलंय, त्यावरचा मजकूर वाचून ती आपल्यासाठी प्रथिन बनवते. तिचा निम्मा जीव त्यात जातो. आता एकीच्या दोन पेशी होताना सगळ्या पोथीची नक्कल होते. अब्जावधी अक्षरं. एखादं चुकतंच. कधी पानच गळतं. नेमकं आपलं पान गळलं तर ती पेशी मरत नाही, उलट हलकी होते. कामच उरलं नाही! देणारी पेशी वीस तासांत दुप्पट होते, ही सोळा तासांत. मॅडम अशा पेशींना ऐतखाऊ म्हणायच्या.”

“हजारात एखादी ऐतखाऊ झाली तर काय बिघडतं?”

“सुरुवातीला काहीच नाही. पण दोन महिने वाढू द्या. त्या चार तासांच्या फरकानं त्या एकीची पिलावळ एका देणारीच्या पिलावळीच्या दोन-अडीच लाख पट होते. मग कुंडात देणारी पेशी औषधालासुद्धा सापडत नाही.”

केळुसकरांना हसू आलं आणि लगेच विरलं.

“म्हणून कालच्या दह्याचं विरजण आज लावायचं नाही,” झरीन म्हणाली. “दर वेळी मूळ साठ्याकडं परत जायचं. राखीव साठा आठ वर्षांपूर्वी घाईत भरला. कुणीतरी जुन्या कुंडातल्या पेशी भरल्या. छान वाढतात म्हणून सगळे खूश. औषध देतात का ते कुणी बघितलंच नाही.”

“तयार औषध किती आहे?”

“सात महिन्यांचं. नवा पेशीवंश घडवून मंजूर व्हायला अडीच वर्षं.”

मधली दोन वर्षं कुणी बोलून दाखवली नाहीत. निशिकांतच्या डोळ्यांसमोर तिळगुळाचा डबा आला. त्यावर प्रगतीनं ठसठशीत शिक्षिकी अक्षरात पत्ता लिहिला होता.

“कोपऱ्यातली कुपी आहे,” तो म्हणाला. “वृंदाची. मूळच्याच पेशी. सहा वर्षं चालू आहे.”

झरीननं मान हलवली. “काका, मला माहीत आहे ती. पण सहा वर्षं म्हणजे अडीच हजार पिढ्या. आपण साठ पिढ्यांच्या पुढं जात नाही. त्यात आता निव्वळ ऐतखाऊ असतील. मॅडमनी हौस म्हणून…” ती मध्येच थांबली. “एक मिनिट. मॅडम पुढच्या पेशी कशा निवडायच्या?”

निशिकांतनं पाठ झालेला कागद म्हणून दाखवला. ‘नेहमी मागची घे’ येताच झरीन खुर्चीतून उठलीच.

“हेच! वर्गात त्या हेच सांगायच्या. ‘नेहमी मागची घ्या, पुढं धावणारीचा भरवसा नाही.’ सर, चार कुप्या लावल्या की जिच्यात ऐतखाऊ जास्त ती पुढं पळते. द्रव लवकर आंबतो, गुलाबीचा पिवळा होतो. ती टाकायची. वाढीत जी मागं पडली ती देणारी, ती घ्यायची. असं सहा वर्षं नेमानं केलं असेल तर आशा आहे! काका, तुम्हीही मागचीच घेत होता ना?”

“हो. दर वेळी मागचीच.”

“म्हणजे सगळ्यांत कमी वाढलेली.”

निशिकांतनं बोटानं समोरची भिंत दाखवली.

“म्हणजे,” तो म्हणाला, “मागच्या बाजूची. भिंतीकडची.”

केळुसकर आधी झरीनकडे आणि मग टेबलाकडे बघू लागले. झरीन हळूच खाली बसली.

“वाढ बघितली नाहीत?”

“मला कुठं कळतंय वाढलेली न् न वाढलेली? मागची घे म्हणाली, मी हात लांब करून मागची घेतली. चौदा महिने.”

“असू दे काका,” झरीन म्हणाली. हे ‘असू दे’ फार मऊ होतं, आणि ऐकणाऱ्याला तेच सहन झालं नाही.

*

चाचणीला चार दिवस लागणार होते. निशिकांत बिनचालकाच्या बसमधून दुपारीच घरी आला. त्यानं कपाटातून वृंदाचा फोन काढून चार्जिंगला लावला. फोन जागा झाला. त्रेचाळीस हुकलेले फोन, सगळे टाकीचे. बिचारी टाकी चार दिवस वृंदाला हाका मारत होती.

तो खुर्चीत बसून राहिला. लग्नाच्या चौतीस वर्षांत वृंदा त्याच्यावर एकाच गोष्टीवरून चिडायची. “निशी, तुझं ‘उद्या’ कुठल्या पंचांगात असतं रे?” माळ्यावरचा दिवा, बेसिनचा नळ, आणि तिच्या त्या उबपेटीचा मागचा पंखा. सगळ्या कारखान्याची यंत्रं तो तासाभरात चालू करून द्यायचा. बायकोची पेटी घरचीच, म्हणून ती मागं. “लोकांचा विश्वकर्मा आणि माझा ऐतखाऊ,” ती म्हणायची आणि त्याच्या ताटात जास्तीची पोळी टाकायची. पंख्यासाठी तिनं वर्षभर पाठ पुरवली. मग एक दिवस तो विषय बंदच केला. तेव्हा निशिकांतला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि थोडं वाईटही. आपल्यावर चिडण्यातही आता अर्थ नाही असं तिला वाटलं असेल, असं त्यानं धरून घेतलं होतं.

आता तिची शेवटची वस्तूही आपण घालवली. एक शब्द समजून घेता आला नाही.

*

सोमवारी झरीननं त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. ती खूप वेळ झोपली नसावी, पण डोळे चमकत होते.

“बसा. शंभरातल्या सत्त्याण्णव पेशी औषध देतायत.”

निशिकांतला आधी वाक्य समजलं नाही. मग तो खुर्चीत बसला.

“मूळ विरजणाशी जुळतात. त्याच पेशी, तेच पान, तेच प्रथिन. यातल्या चांगल्या निवडून नवं विरजण भरलं, तर सहा महिन्यांत मंजुरीपर्यंत जाता येईल. पण एक अडचण आहे.” तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. “असं का झालं हे मला सांगता येत नाही. नियामक विचारणार, अडीच हजार पिढ्यांनंतर हे पान टिकलं कसं? चमत्कार झाला असं लिहून चालत नाही. ज्याचं कारण माहीत नाही ते उद्या उलटेलही.”

“मग?”

“मग मी पिढ्या मोजल्या. जनुकवाचकावर अख्खी दुपार लागली. नक्कल करताना दर पिढीला ठरावीक चुका होतात. चुका मोजल्या की पिढ्या कळतात. झाडाच्या खोडातली वलयं मोजतात ना, तसं. सहा वर्षांत किती व्हायला हव्या होत्या?”

“अडीच हजार म्हणालीस.”

“निघाल्या तीनशे. काका, या पेशी सहा वर्षं करत काय होत्या? झोपल्या होत्या?”

 निशिकांत उठला, खिशातला तापमापक काढला आणि उबपेटीच्या दाराशी गेला. पुढच्या फळीवर ठेवला. सदतीस. मग हात लांब करून मागच्या भिंतीला टेकवला आणि तीन मिनिटं थांबला. त्याचे कान लाल झाले होते.

“तीस,” तो म्हणाला.

“तीस कसं? पेटी सदतीसला लावलीय.”

“तापवणारी तार पुढं, दाराशी आहे. ऊब मागं न्यायला मागं पंखा आहे. तो बंद आहे. आणि या भिंतीपलीकडं शीतघर आहे.”

“कधीपासून बंद?”

“सात वर्षं.”

झरीननं त्याच्या छातीवरची ‘यंत्रदुरुस्ती विभाग’ अशी पट्टी शांतपणे वाचली.

“बायकोची पेटी होती,” निशिकांत म्हणाला. “उद्या करू, उद्या करू म्हणत…”

झरीन हसायला लागली. तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी ती हसतच होती, आणि मग तिनं उठून काकांचे दोन्ही खांदे धरले.

“तीस अंशांवर पेशी आठवड्यातून एकदा दुप्पट होते, तीही जमली तर! पिढ्याच कमी, म्हणून चुका कमी. आणि एखादी ऐतखाऊ झालीच तरी ती पळणार कुठं? थंडीत सगळ्याच चालीनं चालतात. शर्यतच नसेल तर देणारी मागं पडायचा प्रश्नच नाही. काका, काळानं पेशी बिघडत नाहीत. घाईनं बिघडतात. तुम्ही दर वेळी थंडीतलीच कुपी उचललीत!”

“म्हणजे चुकून वाचल्या.”

“चुकून,” झरीन म्हणाली. “पण मॅडमच्या आधीच्या पाच वर्षांचं काय? त्या तर कमी वाढलेली निवडत असणार, पुढची असो की मागची. तेवढं कागदावर लागेल. त्यांची या पेटीची नोंदवही कुठं असेल?”

नोंदवही घरी होती. वृंदाच्या चष्म्याखाली, तिच्या टेबलावर, जिथं तिनं ठेवली होती तिथंच. निशिकांतनं ती चौदा महिन्यांत उघडली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी त्यानं ती आणली आणि न उघडता झरीनसमोर ठेवली. “तू वाच.”

वृंदाचं अक्षर बारीक आणि घाईचं होतं. झरीन बोट फिरवत मोठ्यानं वाचत गेली. सात वर्षांपूर्वीच्या पानांवर समासात वेगळ्या शाईनं टिपा होत्या. ‘निशीला पंख्याचं सांगितलं.’ ‘पंख्याचं सांगितलं, चौथ्यांदा.’ ‘नववी वेळ. उद्या म्हणाला.’ निशिकांत खाली बघून ऐकत होता.

मग वर्षभरानं एक नोंद आली. ‘पुढच्या तिन्ही कुप्या ऐतखाऊ झाल्या. फेकल्या. मागची मात्र शहाणी आहे. का?’

पुढच्या गुरुवारी, ‘मागं तापमान मोजलं. तीस!’ या शब्दाखाली तीन रेघा होत्या.

पुढची पानं भराभर उलटली. दर महिन्याला एकच ओळ. पुढची बिघडली. मागची चांगली. पुढची टाकली. मागची घेतली. पाच वर्षं.

झरीन थांबली. “म्हणजे मागची म्हणजे मागचीच,” ती म्हणाली. “भिंतीकडची. काका, ही चिठ्ठी मॅडमनी मला लिहिली असती तर मी शहाणपणानं पुढची एखादी उचलली असती आणि सगळं घालवलं असतं. त्यांनी ती बरोबर माणसाला लिहिली.”

 निशिकांत खिडकीबाहेर नीरा नदीच्या पुलाकडे बघू लागला.

“इथं अजून एक आहे,” झरीन म्हणाली. “तीन रेघांच्या खाली. तुम्हीच वाचा. माझ्याच्यानं होणार नाही.”

त्यानं चष्मा लावला. समासात, त्या वेगळ्या शाईत लिहिलं होतं—

‘अजून काही वर्षं बघू, पक्कं झालं की सगळ्यांना सांगू. तोवर निशीकडं पंख्याचा विषय काढायचा नाही. चुकून दुरुस्त करील.’

*

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता निशिकांत तिसऱ्या प्रयोगशाळेत गेला. आदल्या दिवशी त्यानं टाकीच्या फोनची यादी उघडली होती, वृंदाचं नाव खोडलं होतं आणि त्याजागी आपलं लिहिलं होतं. पेटीच्या मागच्या बाजूला झरीननं लाल अक्षरांत पाटी लावली होती, ‘पंखा चालू करू नये’. खाली केळुसकरांची सही होती.

त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, दार उघडलं, अर्धा जुना द्रव काढला, तेवढाच नवा घातला. मग हात लांब करून मागच्या कुपीला बोट टेकवलं. गार होती.

“नाही केला गं दुरुस्त,” तो म्हणाला. “बघ.”